दानाकडून अनुदानाकडे : फातिमा इस्माइल यांचे जीवनकार्य

आजच्या प्रभादेवी स्थानकाचे नाव २०१८ सालापर्यंत एल्फिन्स्टन रोड असे होते. त्याच नावाची एक कापडगिरणी स्थानकापासून हाकेच्या अंतरावर होती. २००५ साली ती विकली गेली आणि आता तिच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. या गिरणीच्या आवारात ३१ जुलै १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते परदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. गिरणीचे मालक होते उमर सोबानी. स्वतः कापडाच्या धंद्यात असलेल्या माणसाने राज्यकर्त्यांचा रोष ओढवून घेऊन आपले आवार अशा कार्याला मोकळे करून द्यावे, ही गोष्ट लहान नव्हती. टिळक स्वराज्य फंडालाही त्यांनी हात आखडता न घेता साहाय्य केले. १९२६ साली, फार मोठे वय झालेले नसतानाच, ते निवर्तले.

उमरभाईंची ही ओळख आपल्या भागातील जुन्या मंडळींना असते. परंतु त्यांच्या एका बहिणीने पुढे केलेले कार्य प्रभादेवी-परळच्या कितीतरी घरांशी अधिक जवळून निगडित आहे आणि त्याची आठवण मात्र फारच थोड्यांना राहिली आहे. त्या बहिणीचे नाव फातिमा इस्माइल.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ सालचा. घरी संपत्ती होती आणि त्या संपत्तीबरोबर देशकार्याचे वारेही होते. त्या काळी सुखवस्तू मुसलमान कुटुंबातील स्त्रीने सार्वजनिक जीवनात येणे हे सोपे नव्हते. फातिमाबाई आल्या. अखिल भारतीय महिला परिषदेचे काम त्यांनी केले, ग्रामोद्योगाच्या चळवळीत त्या होत्या, काँग्रेसच्या राजकारणातही त्यांचा वावर होता. स्वातंत्र्य मिळाल्यावर अशा कार्यकर्त्या स्त्रीपुढे अधिकारपदाच्या वाटा आपोआप मोकळ्या झाल्या असत्या. पण स्वातंत्र्याच्या अगदी उंबरठ्यावर त्यांच्या घरी असे काही घडले की त्यांच्या आयुष्याचा प्रवाहच बदलला. त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला.

आजच्या तरुण वाचकाला पोलिओ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते, हीसुद्धा एका परीने आनंदाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. या रोगाचा विषाणू बहुधा दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातो. पुष्कळ मुलांना साधा ताप येतो आणि जातो. पण काही थोड्या मुलांच्या बाबतीत तो मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी नष्ट करतो. रात्री तापाने फणफणलेले मूल सकाळी उठू पाहते तो पाय उचलत नाही. बुद्धी शाबूत असते, स्पर्श कळतो, परंतु पायात बळ नसते. प्रतिबंधक लस तर १९५५ साली प्रथम उपलब्ध झाली. त्यापूर्वी आईबापांच्या हाती उरत असे ती तेलाची मालिश, देवाचा धावा आणि शेजाऱ्यांची हळहळ.

फातिमाबाईंनी हातपाय गाळले नाहीत. मद्रासला डॉ. एम. जी. किणी नावाचे अस्थिरोगांचे नामांकित शल्यविशारद होते. मुलीला घेऊन त्या मुंबईहून मद्रासला गेल्या आणि उपचारासाठी तेथे कित्येक महिने राहिल्या. त्यानंतर पुण्यास लष्कराच्या ज्या केंद्रात जखमी जवानांवर व्यायामोपचार होत असत, तेथे मुलीच्या उपचाराची सोय त्यांनी मिळविली. मुलीची प्रकृती हळूहळू सुधारत गेली.

या दोन मुक्कामांत त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे. पायातले बळ गेलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्याची विद्या या देशात नव्हती असे नाही. ती होती. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जायबंदी सैनिकांसाठी सरकारने शेकपट्ट्या, व्यायामाची साधने, पायाला बांधायच्या लोखंडी पट्ट्या आणि शिकलेली माणसे, सगळे सरकारी खर्चाने उभे केले होते. सैनिकाने देशासाठी पाय गमावला, तेव्हा त्याला उभे करणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. मुलाचे तसे नव्हते. मुलाचा पाय गेला तर ते त्याच्या आईबापांचे नशीब.

फातिमाबाईंपाशी पैसा होता, ओळखी होत्या, मद्रासला जाऊन राहण्याइतकी सवड होती. परळच्या चाळीतल्या गिरणी कामगाराला यांपैकी काय होते? आठवड्याची पाळी चुकली की पगार बुडणार. मूल कडेवर घेऊन घरची बाई दवाखान्यात गेली तर मागे चूल कोण पेटवणार? आपल्या मुलीला जे मिळाले ते अशा घरातील मुलाला का मिळू नये, या प्रश्नाने फातिमाबाईंना कार्याला लावले. राजकारण त्यांनी बाजूला ठेवले.

१९४७ साली, स्वातंत्र्यदिनाच्या काही महिने आधी, त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी लहानसे उपचार केंद्र सुरू केले. सुप्रसिद्ध शल्यचिकित्सक डॉ. बाळिगा यांनी त्यासाठी आपली जागा दिली. या केंद्रातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आकारास आली. मुले येऊ लागली आणि जागा अपुरी पडू लागली. तेव्हा फातिमाबाई सरकारच्या दारी गेल्या. महायुद्ध संपल्यामुळे मरीन लाइन्स भागातील लष्करी इस्पितळाची जागा रिकामी झाली होती. ती मुलांसाठी मिळावी असा आग्रह त्यांनी धरला आणि तडीस नेला. सैनिकांसाठी बांधलेल्या वास्तूत मुलांच्या खाटा लागल्या.

याच सुमारास, १९४९ साली, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईत पोलिओ संशोधनाचा विभाग उघडला. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातील आंत्रविषाणू संशोधन केंद्र ते हेच. रोगाच्या मुळाशी जाणारे शास्त्रज्ञ परळला, आणि रोग होऊन गेलेल्या मुलांना उभे करणारे हात मरीन लाइन्सला, अशी ही दुहेरी लढाई एकाच शहरात चालू झाली. पुढे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाजी अली येथे समुद्राकाठी मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. प्रभादेवीहून वरळी नाक्यावरून हे ठिकाण जेमतेम कोस-दीड कोसावर. मध्य मुंबईतील आईला आता मुलाला घेऊन मद्रास गाठण्याची गरज उरली नाही.

इमारत उभी राहिली म्हणजे काम झाले असे आपण समजतो. उद्घाटन होते, संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे कोरली जातात आणि सारे घरी जातात. अपंग मुलांच्या सेवेची खरी अडचण मात्र त्यानंतर सुरू होते. पोलिओ झालेल्या मुलाला एक शस्त्रक्रिया करून घरी पाठवता येत नाही. आधी कित्येक महिने शेक आणि व्यायाम, मग पायाला धातूच्या पट्ट्यांचा आधार, मग आखडलेल्या स्नायूंवर शस्त्रक्रिया, पुन्हा व्यायाम. शिवाय मूल वाढत असते. या वर्षी बेतलेला आधार पुढच्या वर्षी आखूड होतो. बूट लहान होतो. चार वर्षांच्या मुलाला तो सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत किती वेळा नवा आधार करावा लागेल, याचा हिशोब वाचकांनीच करून पाहावा. त्यातच शाळेचा प्रश्न. वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या मुलाचे शिक्षण थांबले तर पायावर उभे राहूनही ते जगात उभे राहू शकत नाही. म्हणजे डॉक्टर पाहिजे, व्यायामोपचारक पाहिजे, आधार बनवणारा कारागीर पाहिजे, शिक्षक पाहिजे, आणि या सर्वांना दरमहा पगार पाहिजे.

येथे दानधर्माची मर्यादा दिसून येते. मुंबईच्या दानशूरतेविषयी आदर बाळगूनही हे म्हटले पाहिजे की दान देणाऱ्याला दगडविटा दिसतात, दरमहाचा पगार दिसत नाही. एखाद्या शेठजींच्या मनात आले की खाट मिळते, त्यांचा धंदा बुडाला की ती बंद होते. धंदा कसा बुडतो हे फातिमाबाईंनी घरातच पाहिले होते. उमर सोबानींची अफाट दौलत कापसाच्या सट्ट्यात त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली होती. दान एकदा मिळते आणि मुलाचा पाय दरवर्षी वाढतो. म्हणून दरवर्षी येणारा, अंदाजपत्रकात लिहिलेला, मागण्याचा हक्क असलेला पैसा अशा संस्थांच्या पाठीशी असावा लागतो. त्यालाच आपण अनुदान म्हणतो.

स्वतंत्र भारतात ही व्यवस्था सावकाशीने आकारास आली. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि स्वयंसेवी संस्थांना केंद्राकडून अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. (हे मंडळ सुमारे सात दशके चालून २०२२ साली बंद करण्यात आले.) १९५५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने केंद्र सरकारने हाजी अली येथेच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू केली. एका खाजगी संस्थेने ज्या परिसरात मुलांसाठी पाय रोवले, तेथेच सरकारने साऱ्या देशासाठी स्वतःची संस्था काढली.

माणसे तयार करण्याचे काम त्याच वेळी परळला चालले होते. केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने महाराष्ट्रीय झालेल्या या विदुषीने अपंगांना हाताला काम देऊन बरे करण्याचे शास्त्र येथे रुजविले. काही वर्षांत तेथेच व्यायामोपचाराचेही शिक्षण मिळू लागले. अपंग मुलाला लागणारा डॉक्टर, उपचारक आणि कारागीर परळ ते हाजी अली एवढ्याच टापूत तयार होऊ लागला. हे सर्व एकट्या फातिमाबाईंनी केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल आणि कमलाबाईंसारख्यांवर अन्यायाचेही. परंतु अपंग मूल ही सरकारने दखल घ्यावी अशी बाब आहे, हे कृतीने दाखवून देणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींत त्यांची गणना करावीच लागेल. १९५८ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला.

अनुदान म्हणजे सरकारी खजिन्याची उघडी थैली असा गैरसमज असतो. प्रत्यक्षात तो मोठा खडतर मार्ग आहे. बहुतेक योजनांत खर्चाचा काही वाटा संस्थेने स्वतः उभा करावा लागतो. कर्मचाऱ्यांच्या पगाराचे वेतन अनुदान वेगळे, निवासी मुलांच्या जेवणखाणाचे परिपोषण अनुदान वेगळे, इमारतीचे आणखी वेगळे. मान्यता पाहिजे, तपासणी पाहिजे, सनदी लेखापालाने तपासलेले हिशोब पाहिजेत, आणि एवढे करूनही रक्कम हाती येईतो पुष्कळदा वर्ष उलटून जाते. तोवर पगार कसे भागवायचे? येथे दानाची गरज पुन्हा लागते. दानाने आरंभ करायचा, अनुदानाने टिकवायचे आणि मधली खिंड पदरमोड करून लढवायची, असा अनेक सेवाभावी संस्थांचा अनुभव आहे.

दुसराही एक धोका आहे. जेथे पैसा तेथे अट आली. मुलांची संख्या किती, एवढेच पाहून अनुदान मिळू लागले की चांगल्या सेवेपेक्षा पटसंख्येला महत्त्व येते. पटावर चाळीस मुले आहेत हे कागद सांगतो. त्यांतील किती मुले गेल्या वर्षीपेक्षा चार पावले अधिक चालू लागली, हे कागद सांगत नाही. म्हणून अनुदान हवे, त्याचबरोबर ते कशासाठी आहे याचे भान देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही हवे.

१९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. अपंग मुलाने शक्यतो इतर मुलांबरोबर नेहमीच्या शाळेत शिकावे आणि त्यासाठी लागणारी पुस्तके, साधने, प्रवास व खास शिक्षक यांचा खर्च केंद्राने द्यावा, असे तिचे स्वरूप होते. रुग्णालयाच्या खाटेवरून मूल आता शाळेच्या बाकापर्यंत येऊ लागले होते.

१९७८ साली राष्ट्रपतींनी फातिमाबाईंची राज्यसभेवर नियुक्ती केली. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की अनुदानाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार फक्त लोकसभेला आहे. राज्यसभेला चर्चा करता येते, मतदान करता येत नाही. आयुष्यभर सरकारकडे मागणे घेऊन गेलेल्या या बाई आता सरकारला प्रश्न विचारता येणाऱ्या सभागृहात बसल्या, पण तिजोरीच्या किल्ल्या तेथेही नव्हत्या. तरीही तो काळ या विषयाला अनुकूल होता. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालकवर्ष आणि १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले गेले. १९८१ सालीच अपंगांना चाकाची खुर्ची, कुबड्या, श्रवणयंत्र यांसारखी साधने मिळावीत यासाठी केंद्राची योजना सुरू झाली. १९८३ साली वांद्र्याला श्रवणदोष असलेल्यांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली. १९४७ साली एका डॉक्टराच्या उसन्या जागेत ज्या विचाराने मूळ धरले, त्याला आता राष्ट्रीय मान्यता मिळाली होती. १९८७ साली फातिमाबाईंनी या जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या पश्चात झालेले दोन बदल त्यांना पाहायला मिळाले असते तर कृतार्थता वाटली असती. पहिला बदल रोगाचा. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. घरोघर फिरणाऱ्या परिचारिका, दोन थेंबांच्या बाटल्या आणि त्यामागे उभा असलेला सरकारी पैसा यांचा हा विजय आहे. हाजी अलीच्या जागी २०१७ पासून सर्व प्रकारच्या आजारांसाठी मुलांचे आधुनिक रुग्णालय चालू आहे.

दुसरा बदल कायद्याचा. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींच्या समान संधी व हक्कसंरक्षणाचा कायदा केला आणि अपंग मुलाला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळेल असे लिहून ठेवले. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात सातऐवजी एकवीस प्रकारच्या विकलांगता मोजल्या गेल्या. सरकारी व अनुदानप्राप्त उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवणे बंधनकारक झाले. महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेच निर्माण केले. जे मागावे लागत होते ते आता कायद्यात आहे. ते प्रत्यक्षात किती उतरते, हा मात्र दरवर्षीच्या अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे. पोलिओ गेला, पण मेंदूच्या पक्षाघाताने, स्वमग्नतेने, बहिरेपणाने त्रस्त झालेली मुले आहेतच. त्यांनाही एका शस्त्रक्रियेने घरी पाठवता येत नाही. त्यांनाही दरवर्षी वाढत्या अंगाचे नवे साधन, सरावलेला उपचारक, समजूतदार शिक्षक पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटी थोडे आपल्याविषयी. महाराष्ट्रातील बहुसंख्य जुन्या कला महाविद्यालयांप्रमाणे आपणही अनुदानावर शिकतो. आपण भरतो ती फी आणि प्राध्यापकांच्या पगारासह होणारा खरा खर्च यांतील अंतर शासन भरून काढते. हे साहाय्य घेताना आपल्यापैकी कोणाची मान खाली जात नाही. कोणी आपल्याला दयेचा विषय मानत नाही, आपले नाव देणगीच्या पाटीखाली लावत नाही, की आपल्याकडे पाहून हळहळत नाही. शिकणे हा आपला हक्क आणि त्याला पैसा पुरवणे हे शासनाचे काम, असे आपण निःशंकपणे मानतो. मग हाच पैसा चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाकडे वळला की आपल्या तोंडी उपकाराची भाषा का यावी?

उमर सोबानींनी देशाला दिले आणि हिशोब मागितला नाही. त्यांच्या बहिणीने स्वतंत्र झालेल्या देशापाशी हिशोब मागितला, आणि तोही स्वतःच्या मुलीसाठी नव्हे, कारण तिची मुलगी तोवर उपचार घेऊन सावरली होती. भावाची देणगी आणि बहिणीची मागणी ही दोन्ही देशकार्येच होत. आपल्या महाविद्यालयात पाच टक्के जागांवर किती विद्यार्थी येतात, आले तर वरच्या मजल्यावरच्या वर्गात कसे पोचतात, आणि पोचू शकत नसतील तर त्यासाठी मिळू शकणारे साहाय्य कोणी मागितले आहे का, एवढी चौकशी जरी आपण या वर्षी केली, तरी फातिमाबाईंचे स्मरण सार्थकी लागेल.